बर्फातला शिमगा

न्हानू,

तुझ्या शोकसभेला मी नव्हतो ते बरंच झालं. असतो तर चारचौघांत भांडण केलं असतं. चाळीच्या अंगणात म्हणे सतरंज्या घातल्या होत्या, तुझा लग्नातला फोटो मोठा करून आणला होता, त्याला हार घातला होता आणि बाहेरून आलेले कुणी पुढारी म्हणाले की हा गिरणी कामगार संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळीसमोर छाती काढून उभा राहिला. लोक रडले. अजूनही चाळीत तुझं नाव निघालं की ते वाक्य म्हणून दाखवतात. मी मान डोलावतो आणि खोलीत येऊन एकटाच चिडतो.

कारण तू छाती काढून उभा नव्हतास. तुला ऐकू आलं नाही, एवढंच झालं.

हे मला तुझ्या बायकोने, पारूवैनीने सांगितलं. दुसऱ्या कुणाला तिने सांगितलेलं नाही. प्रत्येक सभेला, प्रत्येक मोर्च्याला गेलेला तू, त्या दिवशी मात्र घरात होतास. गिरण्या बंद होत्या, नाक्यावर दगड पडत होते. खालच्या नळावर हंडा राहिला म्हणून वैनी निघाली, तर तू म्हणालास, तू थांब, मी जातो. तू उतरलास, हंडा खांद्यावर घेतलास, आणि तेवढ्यात रस्त्यावरची धावपळ चाळीच्या तोंडाशी आली. वरच्या गॅलरीतून माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, मागे फिर, आत ये. तू आपला रस्त्याकडे बघत उभा. पंधरा वर्षं साचेखात्यात दोन मागांच्या मधोमध काढलेली. कान कुठून शाबूत राहणार? गुपित सांगायचं झालं तरी तू ओरडून सांगायचास म्हणून आम्ही तुझी थट्टा करायचो. समोरच्याच्या ओठांकडे बघून तू बोलणं समजून घ्यायचास, सगळेच साचेवाले घेतात. पण गॅलरीतली माणसं तुझ्या पाठीमागे होती. गोळी कुणाची, कुठून सुटली, ते आजवर कुणी धड सांगितलेलं नाही.

आणि मी त्या दिवशी कुठे होतो? स्वित्झर्लंडमध्ये, इस्त्रीचे कपडे घालून, यंत्राचे नकाशे वाचत. चारच दिवसांपूर्वी तिथल्या एका खेड्यात शिमगा खेळून आलो होतो. तो दिवस मला तुला सांगायचा होता. तुला सांगितल्याखेरीज तो मला टाकताही येत नाही आणि जवळ ठेवताही येत नाही.

पण आधी आपलं भांडण. ते बाजूला ठेवून मी तुला गोडगोड काही लिहिलं तर तूच म्हणशील, वासू बोटीवरून येताना समुद्रात पडलेला दिसतो.

मला गिरणीत तू आणलंस. गावाहून आलो तेव्हा गावकऱ्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तू तुझी वळकटी भिंतीला सरकवलीस आणि माझी तिच्या शेजारी टाकलीस. मी संध्याकाळी फिटरच्या वर्गाला जायचो तेव्हा माझ्या पाळीचं पाणी तू भरायचास, माझ्या पाळीचा भात तू शिजवायचास, आणि वर भेटेल त्याला सांगायचास, "आमचो वासू इंजिनेर होतलो." मी इंजिनेर झालो नाही, फिटरच झालो. तरी तुझी छाती फुगलेली. तुझं लग्न झालं, तू शेजारच्या खोलीत बिऱ्हाड केलंस, तेव्हाही आमटीची वाटी माझ्यासाठी रोज इकडे यायची.

मग नवे साचे यायचं ठरलं. आपले साचे एक माणूस दोनच सांभाळतो. या नव्यांवर एकच माणूस ओळच्या ओळ सांभाळतो. धोट्यातला दोरा संपला की यंत्र आपोआप नवी कांडी भरतं. ते बसवायला शिकून ये म्हणून मालकांनी मला परदेशी धाडायचं ठरवलं. सगळी खोली पेढे मागायला लागली. तू मागितले नाहीस.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तू सभेहून आलास. घोषणा देऊन घसा बसला होता. दारातच उभा राहून म्हणालास, "वासू, तू थंय शिकतलंस, परत येतलंस, आणि पयले माझेच साचे खोलतलंस."

"साचे काय तुझ्या बापाशीचे? मालकाचे असत," मी म्हणालो. "आणि धोट्याचो दोरो तोंडान ओढून ओढून कापसान छाती भरली तुझी. ती मशिनां इली तर तुझोच जीव वाचात."

"जीव वाचात. मगे खातलंय काय?"

 उत्तर नसलं की मला राग येतो, हे तुला ठाऊक होतं. मी म्हणालो, "तुका दोन साचे धड चलवूक येनत नाय, नि राज्य काय चलवतलंस?"

सगळी खोली आमच्याकडे बघायला लागली. ते खोटं होतं, न्हानू. तुझ्या कापडात खोट काढायला बसलेला जॉबर हात हलवत परत जायचा, हे अख्ख्या खात्याला माहीत आहे. बोललो ते केवळ तुला लागावं म्हणून. बाकी काही ऐकू येत नसलं तरी तू माझ्या ओठांकडे बघत होतास, त्यामुळे शब्द न् शब्द तुझ्यापर्यंत पोचला. तू टोपी नीट केलीस, "बरा" म्हणालास आणि गेलास. दुसऱ्या दिवशी बोटीवर पोचवायला सगळी खोली आली. तू आला नाहीस, आणि मला वाटलं, नाही तर नाही.

तिकडे कारखान्यात मला शिकवायला हान्स नावाचा फिटर होता. लाल नाकाचा, कमी बोलणारा, माझ्यासारखंच मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. जानेवारीत एक दिवस म्हणाला, माझ्या गावी सण आहे, चल. त्या गावात नवं वर्ष दोनदा येतं. एक जगाबरोबर, आणि दुसरं जुन्या पंचांगाप्रमाणे. केव्हातरी वरून हुकूम आला आणि पंचांग बदललं. गावाने नवं घेतलं, पण जुना सण काही सोडला नाही. तुला हे गाव आवडलं असतं.

घर लाकडी, आणि त्याच छपराखाली पलीकडच्या बाजूला गोठा. बाहेर कमरेएवढं बर्फ, पण दार उघडलं आणि गवताचा नि शेणाचा वास आला. तीन महिन्यांत पहिल्यांदा ओळखीचं काही नाकात शिरलं. माझे डोळे भरून आले. हान्सच्या आईला मी सांगितलं की थंडीने. तिने मला गरम दूध दिलं, आपल्या तांब्याएवढ्या मोठ्या वाडग्यात, आणि मी पूर्ण पिईपर्यंत समोर उभी राहिली.

मग घंटा ऐकू आल्या. गाईगुरांच्या गळ्यातल्या असतात तशाच, पण टोपलीएवढ्या. दारात येऊन बघतो तर सोंगं! कुणी अंगभर झाडाच्या फांद्या आणि शेवाळ बांधलेलं, तोंडावर दात विचकलेला मुखवटा. कुणी बायकांचा वेष घेतलेले बाप्ये, डोक्यावर केवढाले ते साज. छातीला आणि पाठीला घंटा बांधून ओळीने बर्फ तुडवत आले, अंगणात गोल उभे राहिले आणि गायला लागले. गाण्याला शब्द नव्हते. एकाने सूर धरायचा आणि बाकीच्यांनी तो खालून उचलायचा. 

आता आपल्या गावाची रीत तुला सांगायला नको. शिमग्यात सोंग दारात आलं की आत माणूस कुणीही असो, त्या दिवसापुरता तो देवाचा. पायांत वहाण ठेवून त्याच्यासमोर उभं राहायचं नाही. मी विचार केलाच नाही. बूट काढले, मोजे काढले, उघड्या पायांनी बर्फात उतरलो आणि त्या फांद्यांवाल्याच्या पायाला हात लावला.

गाणं बंद पडलं. सगळी सोंगं माझ्या पायांकडे बघत राहिली. हान्सच्या आईने किंकाळी फोडली, मला दंडाला धरून आत ओढलं, बाकावर बसवलं आणि पंच्याने पाय असे चोळले की सालडी निघायची बाकी राहिली. तोंडाने अखंड बडबड. ती काय म्हणत होती ते भाषा न येताही कळत होतं, माझी आई हेच म्हणाली असती. तेवढ्यात दारातून वाकत तो फांद्यांवाला आत आला आणि त्याने मुखवटा वर केला. गावचा दूधवाला निघाला. लाजून काहीतरी पुटपुटला. हान्सने सांगितलं, "तो म्हणतोय, आजवर कुणी पाया पडलं नव्हतं. आता वर्षभर नीट वागावं लागेल."

तू हे ऐकलं असतंस तर पोट धरून हसला असतास. अख्ख्या चाळीला ओरडून सांगितलं असतंस. मी ते तुझ्यासाठीच नीट लक्षात ठेवलं होतं, दूधवाल्याच्या मिशीला लागलेल्या बर्फासकट.

मग त्यांनी मला दुपारपर्यंत सोडलं नाही. ज्या घरी सोंगं जात त्या घरी मीही. उकडलेले बटाटे, चीज, सफरचंदाची आंबट दारू. एका घरात मी टेबलावर आपल्या रोंबाटाचा ठेका धरला. शिमग्याच्या मिरवणुकीत गळ्यात ढोल अडकवून तू धरायचास तोच. मला वाटलं होतं मला तो येत नाही, पण हात पडत गेले. एकाने घंटा हलवून साथ दिली आणि ती माणसं नाचायला लागली. त्या दिवशी मी सुखात होतो, न्हानू. हे लपवून काय करू? इकडे मुंबई पेटायच्या बेतात होती आणि मी परक्या गावात, परक्या टेबलावर, तुझा ठेका वाजवत सुखात होतो.

दुपारी परत आलो तेव्हा हान्सचा आजा म्हणाला, हा माग बसवणारा ना, याला खाली आण. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, काठी टेकत आम्हाला तळघरात घेऊन गेला. तिथे एक हातमाग होता, भिंतीएवढा, धूळ बसलेला. ओलसर जागेत सूत तुटत नाही म्हणून तिकडे माग तळघरात ठेवत. म्हाताऱ्याने धोटा उचलला, फुंकर घातली आणि तोंडाला लावून दोरा ओढला. अगदी तुझ्यासारखा, डोळे बारीक करून, गाल आत घेऊन. मी भिंतीला टेकलो.

मग तो बोलायला लागला आणि हान्स मला सांगत गेला. कारखाने आले तेव्हा घरोघरचे माग बसले. म्हातारा तेव्हा तरणा होता, तो कारखान्यात गेला. त्याचा बाप गेला नाही. बाप रोज सकाळी हात धुऊन या तळघरात उतरायचा आणि मागासमोर बसायचा. काम काहीच नव्हतं. दुपारी जेवायला वर यायचा, पुन्हा खाली. असं एक वर्ष. मग एका दुपारी तो जेवायला वर आला नाही. म्हातारा याच्यापुढेही पुष्कळ बोलला, पण हान्सने ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वर सोंगांच्या घंटा वाजत होत्या. 'मगे खातलंय काय?' हा तू विचारलेला प्रश्न तेव्हा मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.

संध्याकाळी मी तुला लिहायला बसलो. लिहायचं एवढंच होतं, की मी बोललो ते खोटं आणि तू म्हणालास ते खरं. दोन ओळींचं काम. सोंगांचं चित्र असलेलं कार्ड घेतलं आणि लिहिलं काय? 'न्हानूस वासूचा नमस्कार. येथे बर्फ फार. आज आपल्या शिमग्यासारखी सोंगे पाहिली. चित्र पाहणे. वैनीस नमस्कार. बाकी भेटीअंती.'

आपल्याकडे पत्रं लिहायची रीतच ही. ज्यासाठी कागद हातात घेतो ते सोडून हवापाणी लिहितो, आणि खरं ते 'बाकी भेटीअंती'त कोंबून मोकळे होतो. शिवाय कार्ड उघडं. खोलीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार. चारचौघांत माफी कशी मागायची, असं मला वाटलं. अपमान मात्र चारचौघांतच केला होता.

ते कार्ड तुझ्या दहाव्याच्या दिवशी चाळीत पोचलं. कावळा शिवायची वाट बघून माणसं परत आली, तर वैनीच्या हातात पोस्टमनने हसऱ्या सोंगांचं चित्र ठेवलं.

तू गेल्याचं मला त्यानंतर कळलं. काम संपवून उन्हाळ्यात परत आलो. वैनीसमोर जाऊन बसलो, तर तिने फळीवरून ते कार्ड काढलं. ते तिने शेजाऱ्यांकडून इतक्यांदा वाचून घेतलं होतं की पाठ होतं. म्हणाली, "बाकी भेटीअंती म्हणान लिवलास. काय सांगूचा रवला हुता?" मी म्हणालो, काही नाही, असंच लिहितात. तिने कार्ड परत फळीवर ठेवलं. तिला आता आपल्याच गिरणीत वाइंडिंगला लावून घेतलंय. सूत गुंडाळते. फार बोलत नाही.

आणि मागच्या महिन्यात गोदीतून पेट्या आल्या. नवे साचे. कुठल्या ओळीपासून सुरुवात करायची त्याचा कागद माझ्या हातात दिला. पहिल्या ओळीत भिंतीकडचे पहिले दोन साचे तुझे. तू तेही बरोबर सांगितलं होतंस. मी साहेबाकडे गेलो, म्हटलं, दुसऱ्या टोकापासून सुरू करू. तो म्हणाला, का? मी कागदाची घडी करून परत आलो.

नोकरी सोडावी असं चार दिवस डोक्यात घोळवलं. मी नाही म्हटलं तर दुसरा फिटर येईल, साचे काही माझ्यासाठी थांबायचे नाहीत. युनियनच्या बैठकीत उभा राहिलो आणि त्या तळघरातल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. लोकांनी शांतपणे ऐकली. मग मागून एक साचेवाला म्हणाला, "सांगतंस बरा. पण पानो कोणाच्या हातात हा?" मी खाली बसलो.

वैनीला ते कुणीतरी सांगितलं असणार. शनिवारी खोलीच्या दारात आली. "त्यांचे साचे खोलतलास ना? त्याच्या आदी माका एकदा दाखवा." पंधरा वर्षं तू तिथे उभा राहिलास आणि तिने ती जागा कधी बघितली नव्हती. बायका साचेखात्यात कशाला येतील?

रविवारी जॉबरला सांगून तिला आत नेलं. खातं बंद होतं. इतकी शांतता मीही तिथे कधी ऐकली नव्हती. मी बोट करून दाखवलं. ती दोन साच्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिथली लादी तुझ्या पायांनी खोलगट झाली आहे. तिचे पाय बरोबर त्यात बसले.

"हंयसर उभे ऱ्हवायचे?"

"होय."

"दिसभर?"

"होय, वैनी."

तिने डाव्या साच्यावर हात ठेवला, मग उजव्या. तेलाचा डाग बोटाला लागला तो पदराला पुसला नाही, तसाच ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता सांगा. काय ता?"

मी सांगितलं. भांडणाचं, तळघरातल्या म्हाताऱ्याचं, आणि न लिहिलेल्या दोन ओळींचं. न्हानू म्हणत होता ते खरं होतं, हे मला त्याला सांगायचं होतं, असं म्हणालो. 

"ता त्यांका ठावक हुता," ती म्हणाली. "तुमका कळाक इतक्या लांब जावचा लागला."

 तिने पायाने ती खोलगट लादी पुन्हा एकदा चाचपली. निघताना दाराशी थांबली आणि म्हणाली, "खोलतलास तर तुमीच खोला. दुसऱ्याचो हात लागूक देव नकात."

ही माफी होती की शिक्षा, मला अजून कळलेलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही.

काल सकाळी भोंगा झाल्यावर मी डाव्या साच्याचा पहिला बोल्ट सोडवला. गंजला नव्हता, तू तेलपाणी करून ठेवलं होतंस, तरी सुटायला वेळ लागला. बाकीचं खातं नेहमीसारखं धडधडत होतं. शेजारचे साचेवाले मान वर करत नव्हते. त्या आवाजात मी तुझ्याशी बोललो, चांगला मोठ्याने. चारचौघांत तुझी माफी मागितली, आणि एकालाही ऐकू गेली नाही. दुपारच्या सुट्टीपर्यंत तुझे दोन्ही साचे खोलून झाले. तिथे आता मोकळी जागा आहे. उद्या नवा साचा बसेल. तोही मीच बसवणार आहे.

वासू